रविवारचं पाणी

समोर आलेल्या बाईच्या कानामागची एक बट ती दोन बोटांत धरायची, सरळ होईपर्यंत ओढायची आणि सोडून द्यायची. बट परत गुंडाळून जागेवर बसते की नाही, हे डोळे बारीक करून बघायची. मग विचारायची, "कितला दिन व्हयनात?" म्हणजे डोक्यावरून पाणी घेऊन किती दिवस झाले. खोटं सांगून उपयोग नसायचा. तिच्या बोटांना आधीच कळलेलं असायचं.

सुरतेत नवागामला आमच्या मागच्याच गल्लीत ती राहायची. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही म्हणायचे. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, तेव्हा लिहितानाही अहो-जाहो करायला हवं. पण माझा तिच्यावर राग आहे आणि तिचा माझ्यावर त्याहून मोठा आहे. म्हणून ते राहू द्या.

माझे केस कुरळे. मी मराठी शाळेत शिकवते. पंख्याखाली पाच मिनिटं बसले की केस चहूबाजूंनी उभे राहायचे आणि शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हमखास विचारायचं, "आज विंचरायचं राहिलं का, मॅडम?" ओले असले की केस जरा बसतात, म्हणून मी रोज सकाळी शाम्पू लावून डोकं धूत असे. वर्षभरात निम्मे केस कंगव्यात आले. शेवटी एका मुलीच्या आईनं मला ताईकडे नेऊन बसवलं.

ताईनं बट ओढली, सोडली. बट अर्ध्यातच लोंबकळत राहिली.

"रोज धुता?"

"हो."

"शाम्पूनं?"

"हो."

"मॅडम, रोज भांडी घासतात. केस नाही."

शाळेत मी चाळीस पोरांना गप्प बसवते. तिथे मात्र मीच गप्प बसले. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा आणि थंडीत एकदा, एवढंच डोकं धुवायचं, असं तिनं ठरवून दिलं. मध्ये घाम आला तर नुसतं साधं पाणी घ्यायचं. धुण्याआधी तासभर खोबरेल. गरम पाणी अजिबात नाही. बोरच्या पाण्यानं केस ताठ होतात, म्हणून शेवटचे दोन तांबे महापालिकेच्या नळाचे. कंगवा मोठ्या दातांचा, तोही केस ओले असतानाच फिरवायचा. पुसायला टॉवेल घ्यायचा नाही, नवऱ्याचं जुनं बनियन घ्यायचं. नवरा नाही म्हटल्यावर तिनं आपल्या नवऱ्याचं एक धुतलेलं बनियन मला दिलं. पुढे गल्लीतल्या मुली मोबाईलवर हेच सगळं बघून तिला दाखवायला यायच्या. ती म्हणायची, "उशिरा कळलं त्यांना."

केसांच्या बाबतीत ती कुणाला माफ करत नसे. शेजारच्या एका मुलीनं लग्नासाठी पर्वत पाटियाच्या पार्लरमध्ये जाऊन कुरळे केस इस्त्री केल्यासारखे सरळ करून घेतले. ताई लग्नाला गेली, अक्षता टाकल्या आणि पंगत सोडून नवरीच्या डोक्याकडे बघत एका खुर्चीवर बसून राहिली. न जेवता घरी आली. चार महिन्यांनी ती मुलगी तुटके केस घेऊन माहेरी आली, तेव्हा ताईनं तिला अर्धा तास उंबऱ्याबाहेर बसवून ठेवलं. मग तेलाची वाटी घेऊन तिच्या मागे बसली आणि दीड तास उठली नाही.

हे असं का, हे तिच्या भिंतीवरच्या फोटोत दिसायचं. लग्नातला फोटो, मुंडावळ्या बांधलेल्या, आणि कमरेपर्यंत आलेले दाट कुरळे केस. फोटोखाली बसलेल्या ताईच्या डोक्यावर मात्र सुपारीएवढा अंबाडा होता आणि भांग दोन बोटं रुंद झाला होता.

लग्न होऊन ती साक्रीकडच्या गावातून सुरतेला आली आणि महिन्याभरात कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात धाग्याच्या बॉबिन भरायला लागली. घर एका खोलीचं. त्यातच देव, त्यातच चूल. संध्याकाळी ती कारखान्यातून यायची तेव्हा केसांत धाग्याचे तंतू अडकलेले असायचे आणि अंगाला मशीनच्या तेलाचा वास. तिच्या सासूचा दंडक होता की कारखान्याचं डोकं घेऊन देवासमोर यायचं नाही. दाराशीच मोरी होती. तिथे सासू रोज कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन उभी असायची. सून डोक्यावरून न्हायची आणि मग सासू बारीक दातांच्या फणीनं ते कुरळे केस खसाखसा विंचरून तंतू काढायची. सणवार नाही, ताप नाही, रोज. सहा वर्षांत बहुतेक केस गेले. सासूचे स्वतःचे केस सरळ होते, मऊ आणि लांब. ते म्हातारपणीही तसेच होते.

मी ताईला ओळखायला लागले त्याच्या थोडं आधीच सासू अंथरुणाला खिळली होती. उजवं अंग गेलेलं, पण बोलणं स्वच्छ आणि जीभ धारदार. पन्नास वर्षं म्हातारीनं डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय देवाला हात लावला नव्हता. आता तिला न्हाऊ घालणं सुनेच्या हातात आलं होतं. आणि सूनबाईनं सांगून टाकलं, "आत्याबाई, रोज डोकं धुतल्यानं केस खराब होतात. आठवड्यातून एकदाच."

तुम्हाला वाटेल ताई तिचे हाल करत होती. तसं मुळीच नव्हतं. रोज कोमट पाण्यानं अंग पुसणं, पावडर, धुतलेलं लुगडं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं वेळच्या वेळी. दोन वर्षांत म्हातारीच्या पाठीला एक जखम झाली नाही. फक्त मानेच्या वर पाणी नाही. म्हातारी रोज सकाळी मागायची, रडायची, देव बाटले म्हणायची. ताई तिचा घाम टिपायची आणि म्हणायची, "रविवारी."

रविवारी मीही तिथे असायचे, कारण माझाही धुण्याचा वार तोच होता. माझं डोकं आधी व्हायचं. मग ताई म्हातारीची मान बाजेच्या कडेला आणायची, खाली बादली ठेवायची, तांब्या भरायची आणि भरलेला तांब्या हातात धरून विचारायची, "मना केस कसा गयात?" म्हणजे माझे केस कशानं गेले.

म्हातारी म्हणायची, "कारखानामुये."

"बरं," ताई म्हणायची, आणि पाणी ओतायची.

तिला एवढंच हवं होतं. माझे केस तू घालवलेस, हे म्हातारीनं एकदा तोंडानं म्हणावं. म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून रोज डोक्यावरून पाणी, मरेपर्यंत. हा सौदा तिनं सासूला सरळ सांगितला होता, नवऱ्यालाही सांगितला होता. नवरा बायकोच्या आणि आईच्या मधे कधीच पडला नव्हता, आताही पडला नाही. म्हातारीही काही कमी नव्हती. दर रविवारी कारखाना. ताई शिकेकाईच्या पाण्यानं तिचे केस इतके जपून धुवायची की बघत राहावं, एकेक गुंता बोटांनी सोडवायची, आणि धुवून झालं की सोमवार ते शनिवार म्हातारी कोरडी.

मला हे आवडायचं. आता लपवून काय करू? वर्गात मी मुलांना क्षमेचे धडे शिकवते आणि रविवारी डोक्याला बनियन गुंडाळून ताईचा सूड बघायला बसायचे. माझ्याही मनात मोजकी माणसं होती, जी माझ्या डोक्याकडे बघून हसली होती. त्यांच्यातल्या एकेकाला मी मनातल्या मनात त्या बाजेवर निजवत असे. म्हातारी हरावी, माझ्यासमोर हरावी, अशी माझी फार इच्छा होती.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी नळाला पाणी उशिरा आलं. ताई कळशी घेऊन बाहेर गेली. घरात मी आणि म्हातारी. तिनं डाव्या हातानं मला जवळ बोलावलं.

"ती खोटं नही सांगत," ती म्हणाली. "मीच खराब कयात तिना केस."

मी म्हटलं, "आजी, मग हे तिला सांगा ना. उद्यापासून रोज पाणी मिळेल."

म्हातारीनं मान हलवली. "तिले नको सांगजो. हाई भांडण सरनं ते ती मनाजोडे कसाले बसी?"

भांडण संपलं तर ती माझ्याजवळ कशाला बसेल, असा तिचा हिशेब होता. तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून मला शपथ घातली. तेवढ्यात कळशी घेऊन ताई आत आली. तांब्या भरला, प्रश्न विचारला. म्हातारीनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "कारखानामुये."

मी गप्प बसले. शपथ होती हे खरं. पण शपथ मोडायला मला काही वाटलं नसतं, त्याहून मोठ्या शपथा मी मोडल्या आहेत. खरी गोष्ट अशी की मी सांगितलं असतं तर म्हातारी माझ्या तोंडून हरली असती, आणि मला ती ताईसमोर हरायला हवी होती. शिवाय ते रविवार संपले असते. पुढच्या रविवारी नक्की सांगू, असं मी दर रविवारी म्हणत राहिले.

शिवरात्रीच्या आठवड्यात म्हातारीला दुसरा झटका आला. या वेळी बोलणं गेलं. दोन दिवस ताई तिच्या उशाशी बसून होती. मी शाळा सुटल्यावर गेले तेव्हा ती म्हातारीच्या तोंडाशी कान नेऊन विचारत होती, "आत्याबाई, मना केस कसा गयात? सांगा ना." तो आवाज सूड घेणाऱ्या बाईचा नव्हता. म्हातारीचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. मी दारात उभी होते. तेव्हाही मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे म्हातारी गेली. शेवटची अंघोळ ताईनं कुणाला घालू दिली नाही. बाहेर पुरुष खोळंबले होते, आत ती कळशीमागून कळशी म्हातारीच्या डोक्यावर ओतत होती.

तेरावं झाल्यावर मी तिच्याकडे गेले. ती निवडायला डाळ घेऊन बसली होती. म्हणाली, "जिंकली म्हातारी. न बोलताच गेली."

तिला बरं वाटेल असं मला मनापासून वाटलं. मी म्हटलं, "बोलली होती, ताई. मला म्हणाली होती की तिनंच तुमचे केस खराब केले."

ताईनं डाळीचं ताट खाली ठेवलं. "कधी?"

"दिवाळीच्या आधी. तुम्ही नळावर गेला होता तेव्हा."

तिनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "म्हणजे चार महिने मी तिला उगाच कोरडी ठेवली."

मी सांगितलं की तिनं मला शपथ घातली होती. तुम्ही जवळ बसणार नाही याची तिला भीती होती, हेही सांगितलं. ते ऐकल्यावर ताईचा चेहरा असा झाला की मी घाबरले, आणि घाबरले की मला राग येतो. मी म्हटलं, "पाणी तुम्ही बंद केलं होतं, मी नाही."

"मी कबुलीसाठी केलं होतं, मॅडम," ती म्हणाली. "कबुली तुमच्याकडे होती."

त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. रविवारी गेले तर दुसऱ्या मुलीच्या केसांतून मान वर काढली नाही. तासभर पायरीवर बसून मी परत आले. मॅडमनी माझ्या सासूला चार महिने पाणी मिळू दिलं नाही, असं ती गल्लीत सांगत असल्याचं मला कळलं. शाळेतल्या पोरांच्या आयाही माझ्याकडे तशाच नजरेनं बघायला लागल्या. मी चिडले. तिच्याच घरातला तांब्या, तिच्याच हातातला, आणि पाप माझ्या नावावर. मीही मग भेटेल त्याला खरं काय ते सांगत सुटले. आम्ही दोघी दोन गल्ल्यांत एकमेकींविरुद्ध बोलत असू. गंमत म्हणजे दोघीही खरंच बोलत होतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कळलं की ती नवऱ्याबरोबर कायमची गावी चालली आहे. मी गेले तेव्हा सामान टेम्पोत चढलं होतं. बाज मात्र दारातच राहिली होती, ती त्यांना न्यायची नव्हती. तिला माझ्याशी बोलायचं नव्हतंच, पण टेम्पोत चढताना ती थांबली.

"मॅडम, तुम्हाला काय शिक्षा करायची ते खूप दिवस शोधते आहे," ती म्हणाली. "अजून सुचली नाही."

"सुचली की कळवा," मी म्हटलं.

"कळवायची कशाला? स्वतः येईन."

टेम्पो गेला. घरी येऊन मी रडले आणि मग तिच्यावर खूप चिडले. आता त्या खोलीत दुसरं कुटुंब राहतं. तिकडून जाताना दार उघडं दिसलं की मी जरा हळू चालते. तिला जाऊन वर्ष होत आलं. शिक्षा काहीही असो, मी घेईन. पण ती अजून आलेली नाही.