काकांची क्रेन एक्सएमएलमध्ये चढते तेव्हा

आमच्या उरणच्या ऑफिसात टेबलं चारच, पण किस्से इतके साठलेत की बसायला जागा नाही!

काम तसं साधं. बंदरावरच्या क्रेनची दुरुस्ती कशी करायची, ते धर्माकाका सांगतात. त्यांची सगळी हयात क्रेनवर गेली. मग तो मजकूर आउटलायनरमध्ये, म्हणजे झाडाच्या फांद्यांसारखा मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, घालायचा : शीर्षक, त्याखाली काम, त्याखाली पायऱ्या. शेवटी आमची निलोफर त्याचं एक्सएमएल काढते, म्हणजे कुठला तुकडा पायरी आणि कुठला इशारा, हे मेकॅनिकच्या टॅबलेटला कळतं. पहिलं मॅन्युअल बंदरावरच्या चाचणीत पास झालं तर ऑफिस उरणात राहणार, नाहीतर सगळ्यांची रवानगी मुंबईला! माझी तर झोपच उडाली होती.

काका टायपिंग शिकले आणि हौसेनं ब्रेक बदलायचं काम स्वतःच लिहिलं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या पोटात! मजकूर उतरत उतरत स्क्रीनच्या उजव्या कडेला जाऊन टेकला. एक्सएमएल काढणाऱ्या एक्सपोर्टनं हात टेकले.

"काका, हे काय?" निलोफर म्हणाली.

"पयलं काम जाल्याबिगर दुसरं येतं का? मंग त्याच्याच पोटात जानार ना!"

निलोफरनं एकेक पायरी पोटातून बाहेर ओढून एकाखाली एक लावली.

निलोफर श्रीवर्धनची, कामात वाघीण. पण एकदा तिनं फांद्या मिटलेल्या ठेवूनच एक्सपोर्ट केलं, तेही 'फक्त दिसतं तेवढं' या खुणेसकट. मुंबईला नुसती शीर्षकं पोचली. आमच्या साहेबांचा फोन आला, "वा! पहिल्यांदाच अख्खं मॅन्युअल एका चहात वाचून झालं!"

आता माझी चूक. आउटलाइनमधली प्रत्येक टीप 'इशारा' म्हणून जाईल अशी सेटिंग मी केली. काकांनी टिपांमध्ये मनातलं लिहून ठेवलं होतं. झालं! लाल चौकटीत ठळक अक्षरांत आलं : 'जेवून घे मंगच वर चढ.' मी कान धरले. बंदरावरून निरोप आला, "बाकी काही बदला, हा इशारा ठेवा!"

शेवटी फाइल कंप्युटरवर तपासली. एकही एरर नाही! आम्ही नाचायच्या बेतात. काकांनी वाचलं आणि म्हणाले, "पॉवर बंद करायचा इशारा पायरीच्या खाली हाय. कंप्युटर बोलतो बरोबर, पन मानूस मरंल." खरंच होतं ते. मेकॅनिक आधी पायरी करणार, मग इशारा वाचणार! सगळे इशारे पायऱ्यांच्या वर नेले. त्या दिवसापासून काकांनी वाचल्याशिवाय फाइल बाहेर जात नाही, आणि याचा मला फार अभिमान आहे.

मग चाचणीचा दिवस. बंदरावरचा मेकॅनिक रुपेश, हातात टॅबलेट. त्यानं वाचलं, पॉवर बंद केली, स्विचला कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. ब्रेक अर्धा उघडला, तोच मुंबईहून तपासणीला आलेले मोठे साहेब हात पुढे करून म्हणाले, "चावी दे, जरा पॉवर लावून बघू."

रुपेशनं टॅबलेट त्यांच्यापुढे धरला. "साहेब, हितं लिवलंय, काम पुरं होईतो चावी कोनाला द्यायची न्हाय."

"मी कोण आहे, माहीत आहे का?"

"व्हय. पन कोनाला म्हंजे कोनालाच न्हाय."

मी मनात म्हटलं, गेलं ऑफिस मुंबईला! साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग पुढे केलेला तोच हात काकांकडे वळवला. "बाकीच्या क्रेनची मॅन्युअलंही इथूनच पाहिजेत."

काकांनी हात धरला, पण लगेच सोडला नाही.

"देतो ना! पन साहेब, चावी परत मांगू नका."