अहमदपूरची स्टार युजर

भिंतीवर प्रोजेक्टरने एक आलेख पडला होता. सुरुवातीला तळाला लोळणारी रेघ एका जागी टुणकन वर गेली होती आणि पुढे सलग वरच राहिली होती. कोऑर्डिनेटर सर खुशीत म्हणाले, "ही आपली स्टार युजर. अहमदपूरची. दोन महिने रोज हसरा चेहरा."

नाव नव्हतं, तरी मी ओळखलं. त्याच सकाळी तिचा व्हायरल लोड माझ्या टेबलावर आला होता. रक्तात एचआयव्हीचे विषाणू किती, ते सांगणारा हा रिपोर्ट. गोळ्या नियमित घेतल्या तर आकडा नावापुरता उरतो. तिचा हजारोंत गेला होता. मीटिंग संपताच मी तिला बोलावणं धाडलं.

मी नांदेडच्या एका एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या मिळतात तिथे, समुपदेशक आहे. मुलीला रेखा म्हणू. वय सतरा, आजार जन्मापासून. आईबाप गेले, मामाने वाढवलं. मामा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मुनीम. आजाराचं फक्त त्याला माहीत, मामीला नाही. लातूरला कुणी ओळखीचं भेटेल म्हणून ती एसटीने नांदेडला येते.

आमच्याकडे एक रीत आहे. गोळ्यांची डबी हातात पडली की घरी कुणाला कळू नये म्हणून पेशंट तिथेच लेबल सोलतात आणि गोळ्या कॅल्शियमच्या डबीत ओततात. रिकाम्या डब्यांसाठी आम्ही दाराशी टोपलीच ठेवली आहे. रेखा सात वर्षांची असताना मीच तिला लेबल सोलायला शिकवलं.

मग ॲप आलं. हेतू चांगला होता. या वयात पोरं खचतात, गोळ्या सोडतात आणि कुणाशी बोलत नाहीत. रोज रात्री आठ वाजता, गोळीच्या वेळेला, फोनची घंटी वाजणार आणि फोन विचारणार, आज कसं वाटतंय? रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे. त्यानंतर, गोळी घेतली का? तीन दिवस सलग रडका चेहरा दाबला की नोंदवलेल्या नंबरवर मेसेज जाणार, 'आपल्या एआरटी समुपदेशकाशी बोला.' फॉर्मात नंबर लिहायला जागा होती. तो फोन कोणाचा, हे विचारलेलं नव्हतं. मला ॲपची यादी पुरी करायची घाई. रेखाच्या हातात फोन दिसला, मी ॲप टाकून मोकळी झाले.

फोन मामाचा होता. संध्याकाळी अभ्यासाच्या व्हिडिओंसाठी तो तिला मिळायचा, मग मामीकडे जायचा.

मी बोलावल्यावर चार दिवसांनी दोघं आले. मामा उभ्यानेच बोलला. "ताई, मेसेज आला तवा मी मोंढ्यात होतो म्हणून मलाच घावला. घरी आला असता तर हिच्या मामीनं वाचला असता. परत असला मेसेज आला तर पोरीला घरात कसं ठेवू?"

तो वाईट माणूस नाही. इतकी वर्षं बायकोपासून ही गोष्ट झाकून त्याने भाचीला सांभाळलं होतं. पण हेच वाक्य त्याने रेखालाही ऐकवलं होतं. त्यात रोजची ती घंटी. मामी विचारायला लागली, ह्याच टायमाला हे काय वाजतंय आणि ही उठून कुठं जाती? तेव्हापासून रेखा जागची उठेना. गोळी राहून जायची. ॲपमध्ये ती 'हो' दाबायची.

मी चेहऱ्यांचं विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "हसरं दाबलं की काही येत न्हाई, मॅडम."

मला लाज वाटली, आणि स्वतःचा भयंकर राग आला. जिला मी लेबल सोलायला शिकवलं, तिच्या घरात मीच लेबल चिकटवून ठेवलं होतं.

ॲप काढलं. गोळी सकाळी, कॉलेजला निघतानाची केली. मग सरांना गाठलं आणि तो आलेख काढा म्हटलं.

"मॅडम, डेटामध्ये तर ती ओके आहे. व्हायरल लोडचा कॉलम आपल्या फॉरमॅटमध्ये नाही."

"मग ती पोरगी कोणत्या कॉलममध्ये आहे, सर?"

त्यांनी लॅपटॉप मिटला. आलेख जसाच्या तसा वरच्या ऑफिसला गेला, कौतुकही झालं म्हणे. ॲप काढल्यामुळे रेखाची नोंद मात्र 'ड्रॉपआउट' अशी झाली.

आता मी आधी विचारते, फोन कोणाचा, संध्याकाळी कोणाच्या हातात असतो. एवढं शहाणपण मला दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर आलं. रेखाचा आकडा उतरतोय, सावकाश. परवा ती आली तेव्हा मी विचारलं, "कशी आहेस?" ती छान हसली. त्या हसण्यावर आता माझा विश्वास बसत नाही.