शेपटामागची ओढ

चाचणी केंद्रात तिला सगळे आकडेताई म्हणत. आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या वाहनाला हवा किती अडवेल, याचा अंदाज बांधण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. नाकापुढे उठणारी धक्कालहर, अंगाला घासणारी हवा आणि शेपटामागच्या पोकळीची ओढ, या तिन्हींची बेरीज करून ती अवरोधाचा आकडा काढायची.

नव्या वाहनासाठी तिने काढला ०.४१. पोलादी नमुना वातबोगद्यात, हवेच्या वेगवान झोतात धरून तपासला, तर आला ०.३६. अवरोध कमी म्हणजे पल्ला लांब. साहेब खुशीत होते.

"ताई, या वेळी नेम चुकला तुमचा."

ताईला ते काही पटेना. घरीही डोक्यात तेच.

"अगं, नळ चालूच आहे," नवरा म्हणाला, तेव्हा कुठे ती भानावर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चाचणीचे फोटो पुन्हा बाहेर काढले आणि एका फोटोवर तिचं बोट थबकलं. नमुन्याला मागून धरणारा दांडा जवळजवळ शेपटाएवढाच जाड होता! ती तशीच तडक वर्कशॉपमध्ये गेली. तिथल्या जुन्या टर्नरला सगळे मामा म्हणत.

"मामा, या दांड्यानेच मागची पोकळी बुजवलीय. मग ओढ लागणार कुठून? मला बोटाएवढा बारीक दांडा हवाय."

"आणि झोतात मोडला म्हणजे? माझ्या नावाने शंख करतील."

"माझंही नाव घाला त्यात."

मामांनी कपाटातून ठेवणीतलं पोलाद काढलं.

चौथ्या दिवशी बोगदा सुरू झाला. जमीन थरथरली. काचेपलीकडे नमुना लटलट कापत होता. ताईने मामांची बाही घट्ट धरली होती. बारा सेकंदांनी झोत थांबला. दांडा शाबूत होता. पडद्यावर आकडा उमटला, ०.४०.

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे पल्ला गेला."

"तो नव्हताच, साहेब. पण खरा मिळवता येईल. शेपूट निमुळतं करू या, पोकळीच लहान होईल." ती खडूने फळ्यावर भराभरा आकृती काढू लागली. उजव्या हाताला लागलेला खडू केसांना कधी लागला, तिला कळलंही नाही.

दोन महिन्यांनी निमुळत्या शेपटाचा नमुना त्याच बारीक दांड्यावर चढला. ताईचा अंदाज होता ०.३५. बोगद्याने दिला ०.३४.

तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "अहो, एका शतांशाने चुकले मी," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.