सुती दोरा की नायलॉन

आजोबांची जुनी गाडी अजून आपल्याच दारात कशी, असं तुम्ही व्हिडिओ कॉलवर दर वेळी विचारता. दोष माझा, तुमच्या आजीचा आहे, तेव्हा मीच लिहिते.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका गृहस्थांना, त्यांना जुन्या गाड्या जमवायचा नाद, आजोबांनी गाडी द्यायचं कबूल केलं. मला विचारलं नाही. मी ड्रायव्हिंग शिकले ती याच गाडीवर; फाटकाचा खांब पाडला तोही हिच्यानंच. त्या गृहस्थांची अट एकच होती: कापडी टपातून थेंबसुद्धा गळता कामा नये. जुना टप गळायचा, म्हणून नवा शिवायचं काम आजोबांनी माझ्यावर सोपवलं.

मी जरीपटका भागातल्या ताडपत्रीवाल्याकडे गेले.

"काकू, दोरा सुती लावू का नायलॉन? नायलॉन मजबूत. पण सुती दोरा पाण्यानं फुगते अन् सुईचं भोक बुजवते. नायलॉन काही फुगत नाही."

मी नीट विचार केला. "नायलॉन लावा."

"मंग टपकलं तर मले बोलू नका."

"नाही बोलणार."

पुण्याचे पाहुणे आले, गाडीत बसले. आजोबांनी बागेचा पाइप ऐटीत धरला आणि टपावर पाणी सोडलं. मिनिटभर काहीच झालं नाही. चहाचा ट्रे धरून मी घाबरले. मग पहिला थेंब पाहुण्यांच्या चष्म्यावर पडला, दुसरा कॉलरच्या आत.

"हे तर गळतंय!"

"नवीन शिलाई आहे, बसेल हळूहळू," आजोबा म्हणाले. तोवर तिसरा आणि चौथा आला. पाहुण्यांनी चहा घेतला, "कळवतो" म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी ताडपत्रीवाल्याला फोन लावला, नेहमीप्रमाणे स्पीकरवर. "काहून गा, काय शिवून ठेवलं हे?"

"काका, मी सांगतलं होतं. काकूच म्हणाल्या, नायलॉन लावा."

मी मेथी निवडत होते. पानं आणि देठ एकाच ढिगात जायला लागले.

आजोबांनी फोन ठेवला. "विकायची नाही, हे तोंडानं सांगता येत नव्हतं का वं?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

त्यांनी खिडकीतून एकदा गाडीकडे बघितलं. मग पुण्याला फोन करून त्यांनी गाडी देणार नाही असं कळवलं, आणि टप उसवायला गाडीकडे निघाले. दारातून परत वळले.

"सुती दोरा कोणत्या रंगाचा आणू?"

"खाकी," मी लगेच सांगितलं.