ब्लेड घासायचा ग्लास

आमच्या हळ्ळीखेडच्या किराणा दुकानात गोडेतेलाचा एक जुना डबा आहे, वर चीर पाडलेला. वापरलेलं ब्लेड आत टाकायचं. गेलं की बाहेर येत नाही. दाढीचे किस्से माझ्या डोक्यात तसेच साठलेत. कडगंचीच्या विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सोडून आलो, तेव्हापासून गल्ल्याशेजारीच बसायलोय ना!

*

अप्पा, म्हणजे माझे वडील, खोकी भरून ब्लेडं विकणार अन् स्वतः दोन महिने एकच चालवणार. रोज काचेच्या ग्लासात आतून गोल गोल घासायचे. मी म्हणायचो, धार लावायलेत. लई चिकट माणूस!

एकदा त्याच ग्लासात मास्तरांना चहा दिला.

"अप्पा, चहात केस हाय."

"पांढरा का काळा?"

"पांढरा."

"मग माझाच. प्या."

*

हे मास्तर रिटायर. आयुष्यभर सायन्स शिकवलं, आता रोज दुकानात येऊन मला अक्कल शिकवतात. माझं ऐकून सेफ्टी रेझर घेतला. तिसऱ्या दिवशी तणतणत आले, "कसला बोगस साबण दिलास? रेझर लई मऊ चालायलाय, एकदाबी कापलं न्हाई, पण दाढी हाय तशीच!"

मी रेझरचं डोकं उघडलं. आत ब्लेडच नव्हतं.

"मग ब्लेड वेगळं घ्यायचं, असं डबीवर लिहायचं न्हाई का?"

लिहिलेलं होतं. मोठ्या अक्षरांत!

*

आम्ही लिंगायत. आमच्यात सोमवारी दाढी करत नाहीत, बसवण्णांचा वार. माझा कलबुर्गीतला इंटरव्ह्यू नेमका सोमवारी! मी ब्रश फेसात बुडवला, तर अप्पांनी रेझर कपाटात घालून कुलूप लावलं. खुंटं घेऊनच गेलो. नोकरी मिळाली नाही.

"तुमच्या सोमवारानं माझं वाटोळं केलं!" मी ओरडलो.

"अन् रविवारी काय करायलतास?"

झोपलो होतो.

*

मग ठरवलं, अप्पांचा चिकटपणा सोडवायचा. महिनाभर मोबाईलवर वाचलं. दांडा जड हवा, म्हणजे दाबावं लागत नाही. म्हाताऱ्या कातडीला सौम्य ब्लेड बरं. एवढं वाचून घेतलं काय? सगळ्यात जहाल ब्लेड! त्यांचं जुनं मीच डब्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा गालावर पेपरचे पाच तुकडे चिकटवून गल्ल्यावर आले. भर गिऱ्हाइकांत मी म्हणालो, "अप्पा, दाढी केलीत का कोंबडं सोललं?"

लिंगायताच्या दुकानात कोंबडं! सगळे हसले. मास्तर तर टेबल बडवून. अप्पाही हसले. त्या दिवसापासून त्यांनी दाढी करणंच सोडलं.

*

वाढलेल्या दाढीवरून मी टोमणे मारतच होतो. तेवढ्यात माझी अक्का माहेरी आली. तिनं एका दिवसात ओळखलं, अप्पांकडून कबूलही करून घेतलं.

"मूर्खा, दोन वर्षं झाली त्यांचा हात हलायलाय. ग्लासात ब्लेड उभं घासून धार लावत नव्हते, मोडत होते! हात हलला तरी खोल जाऊ नये म्हणून."

मी रोज शेजारी बसत होतो. मास्तरांनाही माहीत होतं म्हणे. मला रोज अक्कल शिकवणाऱ्यानं नेमकं एवढंच शिकवलं नाही!

रविवारी सकाळी अप्पांना खुर्चीत बसवलं. फेस लावला, नवं ब्लेड चढवलं. रेझर गळ्याशी नेला, तर पुढं सरकवेना.

अप्पांनी एक डोळा उघडला. खिडकीतला ग्लास घेतला अन् माझ्यापुढं धरला.

"आधी यात घास. तुझाबी हात हलायलाय."