सूर्याचं वारं

आधीच सांगतो, भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणारा माणूस मी. आमचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. अंगात येणं, अंगारे-धुपारे सगळं उंबऱ्याबाहेर. तरी हे नेमकं माझ्याच वाट्याला यावं... वैताग आहे नुसता!

साल १९७८. शिरूरमधल्या एका कॉलेजात मी फिजिक्स लॅबचा टेंपररी असिस्टंट. आदल्या वर्षी अमेरिकेनं दोन यानं सोडली होती – सूर्यापासून सुटणारा कणांचा वारा मोजत ती लांब जाणार. तो वारा संपतो कुठं, या प्रश्नानं आमच्या सरांना पार झपाटलं होतं. त्याच्याही पलीकडून येणारे काही कण म्हणे आपल्यापर्यंत पोचतात. म्हणून सरांनी लॅबमध्ये काउंटर बसवला. कण आला की टिक्! मिनिटाला वीस-बावीस. दर तासाला मी ते मोजून वहीत लिहायचं. वही चोख राहिली, तर जूनमध्ये मला कायम करणार होते.

दौंडला रेल्वे कॉलनीत माझी मावशी राहायची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलेलं. कौतुकानं, तिला कळेल असं सोपं करून सांगायला गेलो, "मावशी, मी सूर्याचं वारं मोजतो." झालं! वारं म्हणजे तिच्या लेखी अंगातलंच.

"आरं मुडद्या, दीक्षा घेतल्यालं घर आपलं, आन् तू वारं मोजतोस व्हय? कुणाच्या अंगात येतंय?"

तासभर समजावलं. डोकं पिकवलं तिनं माझं.

मग एका बुधवारी, दुपारी तीनला, काउंटर गप्प झाला. लाइट होती, तारा घट्ट होत्या, यंत्राचा दिवाही लागलेला. घड्याळ धरून दहा मिनिटं बसलो – शून्य. मग आपोआप सुरू! वहीत शाईनं शून्य लिहिलं.

सर भडकले. "शून्य येऊच शकत नाही. डुलकी लागली तुम्हाला! बावीस करा, नाहीतर जूनचं विसरा."

मी ब्लेडनं शून्य खरवडलं आणि बावीस लिहिलं.

गुरुवारी मावशीचं कार्ड आलं, शेजारणीकडून लिहून घेतलेलं. "आज तीन वाजता तुझं वारं थांबलं. तू बरा हायेस ना?" शिक्का दौंडचा, बुधवारचाच. इकडून तिला कळवणारं कुणी नव्हतं, आणि तिच्याकडं कुठला आलाय फोन!

रविवारी दौंड गाठलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. तांदूळ निवडत हुते. एकदम वाटलं, थांबलं." मग हळूच म्हणाली, "थांबलं हुतं का रं?"

हो म्हणावं, तर ती कॉलनीभर सांगणार, सरांच्या कानावर जाणार... आणि वहीत बावीस.

"न्हाई मावशी."

"मंग माझंच डोस्कं फिरलं म्हणायचं. दीक्षा घिऊन हेच शिकले व्हय मी?" ती फार ओशाळली. माझ्या कामाबद्दल पुन्हा कधी तिनं विचारलं नाही.

जूनमध्ये मी कायम झालो. मावशी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. काउंटर का थांबला, तिला कसं कळलं – मला आजही सांगता येत नाही, आणि कुणी सांगायला लागलं की चिडचिड होते. पण तिचं डोकं फिरलेलं नव्हतं, एवढं तर मला पक्कं ठाऊक होतं ना? तेवढंही मी तिला सांगितलं नाही.