बिरामचं जाळं

सँ लुई शहराच्या लोखंडी पुलाच्या तोंडाशी मी कॉफी विकते. त्या पुलावरून हर तऱ्हेची माणसं जातात, पण मेइसा जेयेसारखा थापाड्या मी दुसरा पाहिला नाही. घोडागाडीतून तो गोऱ्या पाहुण्यांना शहर दाखवायचा. गव्हर्नरची कोठी, डिंकाच्या व्यापाऱ्यांची गोदामं, टपालाची विमानं नदीवर उतरायची तो धक्का आणि शेवटी आमची कोळ्यांची वस्ती, गेत-न्दार. घोड्याचं नाव त्याने मंत्री ठेवलं होतं. का, म्हणून विचारलं की सांगायचा, "खातो सगळ्यांच्या आधी, आणि हलतो फक्त पाहुणे आले की."

मुळात तो कोळी, आणि चांगला कोळी. जाळं ओढताना दोर हातावर आवळला, उजव्या हाताची बोटं कामातून गेली, तेव्हा होडी सुटली आणि गाडी आली. फ्रेंच तो पाद्र्यांच्या शाळेच्या स्वयंपाकघरात शिकला होता, त्यामुळे त्याच्या फ्रेंचमध्ये भाज्या आणि शिव्या भरपूर. इतिहास त्याने पाहुण्यांकडूनच उचलला. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं, वरून थोडा मसाला.

त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट एका पिवळ्या घराच्या सज्जाखाली चालायची. तिथे म्हणे एक श्रीमंत बाई राहायची, फ्रेंच अधिकाऱ्याची इथली बायको. नवरा जहाजावर चढला तेव्हा तिने त्याच्या शेवटच्या पावलाखालची वाळू रुमालात बांधली आणि पलंगाला टांगली. तो येणार नाही असा निरोप आला, की वाळू फेकायची आणि बाई मोकळी. तोवर नाही. पाहुण्या बायका डोळे पुसायच्या. मंत्री त्याच वेळी शेण टाकायचा.

बिराम हा त्याचा एकुलता एक मुलगा. बापाची होडी त्याने चालवली, पण आता समुद्रात आहे काय? परदेशी जहाजं तळ खरवडून नेतात आणि आमच्या वाट्याला पाणी ठेवतात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा बिराम वस्तीतल्या पोरांबरोबर कामाच्या शोधात मोठ्या होडीने स्पेनच्या बेटांकडे निघाला. जाळं घरी ठेवून गेला. तिकडे जाळ्याचं काय काम?

त्या होडीतला फारा तेवढा परत आला. बिरामच्या बायकोच्या, अरामच्या देखत त्याने मेइसाच्या अंगणात बसून सगळं सांगितलं. इंजिन बंद पडलं, पाणी संपलं, बिरामने समुद्राचं पाणी प्यायला सुरुवात केली. मग त्याला भास व्हायला लागले. घर समोर दिसतंय म्हणाला आणि उतरला. फारा रडत होता. मेइसाने चुलीतलं लाकूड उचललं आणि त्याला अंगणाबाहेर हाकललं.

"खोटारडा! माझ्या पोराला मारून स्वतः परत आला!" शेजारपाजार गोळा होईपर्यंत तो ओरडत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून गाडीत नवी गोष्ट सुरू झाली. कब्रस्तानाच्या भिंतीशी गाडी थांबायची. आमच्याकडे कोळी मेला की त्याचंच जाळं त्याच्या कबरीवर पसरतात. ते दाखवून झालं की मेइसा छाती काढून म्हणायचा, "माझा मुलगा मात्र स्पेनमध्ये आहे. आल्मेरियाला, टोमॅटोच्या मळ्यात." आधी नुसता मळा होता. मग मुकादम आला, चिडका पण मनाने चांगला. मग दोन मोरोक्कन दोस्त आले. मग बिरामला सर्दी झाली आणि बरीही झाली. गाडीवाले हसायचे. मी नाही हसले. मला त्याचा राग यायचा, कारण अरामला मी रोज पाहत होते.

आमच्या इमामसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, की बापाने मृत्यू मान्य केल्याशिवाय मयताविना जनाज्याची नमाज पढणार नाही. नमाज नाही तर इद्दत नाही, म्हणजे विधवेने पांढऱ्या कपड्यांत पाळायचा शोकाचा काळ नाही, आणि इद्दत नाही तर अराम ना सुवासिनी ना विधवा. बारशाला गेली तर बायका म्हणायच्या, हिला नटायचं सुचतं. घरात बसली तर म्हणायच्या, नवऱ्याच्या वाईटावर टपलीय. पोरगी वाळून काडी झाली.

"मावशी, मला दुसरं लग्न नकोय," ती एकदा माझ्या बाकावर बसून म्हणाली. "मला रडायचंय. त्या घरात मी मोठ्याने रडूही शकत नाही. रडले की बाबा म्हणतात, जिवंत माणसासाठी कोण रडतं?"

मी मेइसाला झापलं. "अरे, तुझ्या थापा गोऱ्यांना सांग. सुनेला कशाला त्यात गाडतोस?"

"तू कॉफी गाळ," तो म्हणाला.

मग एका सकाळी अराम निळा झगा घालून, डोक्यावर मोठं गाठोडं घेऊन पुलापाशी आली आणि थेट त्याच्या गाडीत चढली. मला म्हणाली, "मावशी, तुम्हीपण बसा."

"हे काय?" मेइसा म्हणाला.

"शहर बघायचंय, बाबा. इथे जन्मले, पण कुणी दाखवलंच नाही. सगळं सांगायचं, पाहुण्यांना सांगता तसं. आणि पाहुण्यांनी विचारलं की गाइड उत्तर देतो, हो ना?"

बाकीचे गाडीवाले बघत होते. गाडीत बसलेल्या माणसाला खाली उतरवलं तर त्यांनी त्याला जन्मभर चिडवलं असतं. त्याने चाबूक उचलला. कोठी दाखवली, गोदामं दाखवली, आवाज अगदी कोरडा. सज्जाखाली वाळूची गोष्ट त्याने चार वाक्यांत उरकली.

"त्या बाईला निरोप कुणी दिला?" अरामने विचारलं.

"असेल कुणीतरी. जहाजावरचा माणूस."

"आणि तिच्या घरच्यांनी त्याला लाकूड घेऊन हाकललं असतं तर?"

 मंत्री आपणहून चालू लागला.

कब्रस्तानाशी आल्यावर ती उतरली. सरळ आत, न्दियागा आजोबांच्या कबरीपाशी, म्हणजे मेइसाच्या बापाच्या. त्यांचं जाळं केव्हाच कुजून नुसते दोरे राहिले होते. तिने गाठोडं सोडलं. हिरवं जाळं, कडेला लाल सुताची दुरुस्ती. वस्तीतलं कुणीही ते ओळखलं असतं.

"उतरा, बाबा. हा शेवटचा थांबा. इथे काय सांगता तुम्ही?"

तो आला. गाइडच्याच आवाजात सुरुवात केली त्याने. "इथे कोळ्यांना पुरतात. ज्याचं जाळं, त्याच्या कबरीवर. ही न्दियागा जेये यांची कबर. भला माणूस, तापट होता."

"आणि हे जाळं कुणाचं?"

"बिरामचं."

"बिराम कुठे आहे?"

त्याचं तोंड उघडलं. आल्मेरियाचा 'आ' मी ऐकला, शपथेवर सांगते. मग नुसता पलीकडे भिंतीमागे समुद्र धडधड आपटत होता. मला वाटलं, हा आता तिला मारणार. मला त्याची दया यायला लागली होती आणि त्या दयेचाही मला राग आला.

"पाण्यात," तो म्हणाला. "माझा बिराम पाण्यात आहे."

अराम मटकन वाळूत बसली आणि तिने जो टाहो फोडला तो आमच्या वस्तीने आजवर ऐकला नसेल. दोन वर्षांचं रडं होतं ते. मी तिला धरलं, मीही रडले. मेइसा गुडघ्यांवर बसून जाळं पसरत होता. धड बोटं नसलेल्या हाताने कोपऱ्यांवर दगड ठेवत होता, एकेक सुरकुती काढत होता.

शुक्रवारी नमाज झाली. अरामने पांढरे कपडे घातले.

पण मी सांगतेय ते त्या दिवशीचं. परतताना अराम मागे माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मेइसाने लगाम सैल सोडले होते. पूल दिसायला लागला तेव्हा तो मागे न बघता माझ्याशी बोलला.

"कुंबा, आल्मेरियात त्याला नुकतीच स्वतंत्र खोली मिळाली होती. खिडकीची."

मी अरामच्या केसांतली वाळू झाडत होते.

"पुढच्या महिन्यात मी त्याला मुकादम करणार होतो," तो म्हणाला.